पट्टीची कोरी बाजू

वेणू,

परवा कुसुमनं विचारलं, "भाऊजी, लोक चौकशी करतात तेव्हा तुम्ही त्यांना काय सांगता?" मी म्हणालो, साखरेचा आजार होता, त्यातच गेली, असं सांगतो. एवढं सांगितलं की लोक मान हलवतात, लहान वयातच लागला होता ना, म्हणतात आणि पुढचं विचारत नाहीत. तुझ्या बहिणीला तुझ्यासारखं तोंडावर बोलता येत नाही. पण ताटातला भात तिनं कितीतरी वेळ नुसता चिवडला, त्यावरून कळलं की हे अर्धंच उत्तर आहे हे तिलाही ठाऊक आहे. तू साखरेच्या आजारानं गेली नाहीस. अंगातली साखर कमी पडून गेलीस, आणि साखर तुझ्यापासून हातभर अंतरावर होती.

हे तुलाच सांगायला हवं. दुसऱ्या कुणापाशी विषय काढला की ते लगेच माझी समजूत घालू लागतात. तू कुणाची खोटी समजूत घातली नाहीस कधी.

पनवेलला तुझ्या मामांच्या घरी तुला बघायला आलो होतो, तेव्हाही नाही. पोहे झाले, माझ्या आईनं तुला स्वयंपाकाचं विचारलं, शिक्षणाचं विचारलं. तू उत्तरं दिलीस आणि मग कुणी विचारलेलं नसताना सरळ माझ्याकडे बघून म्हणालीस, "मला रोज सकाळी इन्सुलिनची सुई टोचून घ्यावी लागते. जन्मभर. हे मामांनी तुम्हाला सांगितलंय का?" मामा खाली बघायला लागले. आईनं हातातली बशी जमिनीवर ठेवली. परत जाताना बसमध्ये आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही आणि घरी पोचल्यावर एकदम सगळं बोलली. मी तिच्याशी भांडून तुला होकार कळवला. त्या होकाराचा मला फार अभिमान होता, वेणू. आपण केवढा मोठेपणा केला, असं बरीच वर्षं वाटायचं. धीट तू होतीस, आणि शाबासकी मी स्वतःला देत होतो.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी आपण वाशीला राहायला आलो. माझा कारखाना ठाणे-बेलापूर रस्त्यावर, म्हणून इथं घर घेतलं. तेव्हा आपल्या बिल्डिंगच्या मागे नुसतं खाजण होतं आणि खाडीवरचा वारा आला की दारं धाडधाड आपटायची. शेजाऱ्यांना वाटायचं आपण भांडतोय. तू खाली जाऊन त्यांना सांगून आलीस की आम्ही भांडतो तेव्हा दारं आपटत नाही, दारं लावून घेतो.

तुझी सकाळ माझ्या आधी सुरू व्हायची. छोट्या पातेल्यात काचेची सिरिंज उकळत ठेवायची, मग परीक्षानळीत ते निळं औषध घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर लघवी तपासायची. रंग निळाच राहिला तर साखर नाही, हिरवा झाला तर थोडी, विटेसारखा तांबडा झाला तर खूप. मी दाढी करत असायचो आणि तू आतून ओरडून सांगायचीस, "आज मोरपंखी." फ्रिज नव्हता तोवर इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माठात सोडलेली असायची. पाहुणे पाणी प्यायला गेले की दचकायचे. तू त्यांना नीट समजावून सांगायचीस आणि मला वाटायचं, कशाला सांगते ही सगळ्यांना.

वाढलेल्या साखरेची तुला भीती नव्हती, कमी झालेल्या साखरेची होती. इन्सुलिन घेतलं आणि जेवायला उशीर झाला की साखर खाली जायची. आधी घाम, मग हात थरथरणं, मग तू वेगळीच व्हायचीस. कधी उगीच हसायचीस, कधी मला ओळख दाखवायची नाहीस. त्या वेळी तोंडात साखर गेली की पाच-दहा मिनिटांत तू परत तू व्हायचीस. "गेले होते का मी?" असं विचारायचीस, बाजारात जाऊन आल्यासारखं. नाही गेली साखर, तर पुढे शुद्ध जायची. हे आपल्या दोघांना पाठ होतं. प्रश्न होता तो मी नसेन तेव्हाचा. पर्समध्ये खडीसाखरेची पुडी असायची, पण साखर फार उतरली की पुडी आहे हेच तुला आठवायचं नाही.

म्हणून डॉक्टरांनी पट्टीचं सुचवलं. परदेशात असे आजारी लोक मनगटावर कडं घालतात, त्यावर आजार लिहिलेला असतो, म्हणजे रस्त्यात काही झालं तर बघणाऱ्याला कळतं काय करायचं. तसलं कडं इथं मिळत नव्हतं. मी म्हणालो, त्यात काय, मी करतो. कारखान्यात यंत्रांवर लावायच्या नावाच्या पाट्या आमच्याच विभागात कोरल्या जायच्या. स्टेनलेस स्टीलची छोटी पट्टी कापली, कडा घासून गुळगुळीत केल्या, वर भोक पाडलं. मजकूर मीच बसवला. वर तुझं नाव. खाली, हिला मधुमेह आहे, रोज इन्सुलिन घेते, असंबद्ध बोलताना किंवा बेशुद्ध आढळल्यास ताबडतोब साखर द्या. शेवटी डॉक्टरांचा फोन. सगळं इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. पट्टी घरी आणली तेव्हा मला कोण आनंद झाला होता.

तू ती तळहातावर घेऊन वाचलीस आणि पहिला प्रश्न विचारलास, "मराठीत का नाही?"

मी सांगितलं की यंत्राला फक्त इंग्रजी अक्षरांचे साचे आहेत. ते खरं होतं. मग म्हणालो, डॉक्टर कुठलाही असेल, मल्याळी असेल, पंजाबी असेल, इंग्रजी सगळ्यांना येतं. तेही खरं होतं. तू म्हणालीस, "मला उचलणारा आधी माणूस असेल हो. डॉक्टर नंतर."

मी हसलो. तू पट्टी उलटी केलीस. मागची बाजू कोरी होती. म्हणालीस, भांड्यांच्या दुकानातला माणूस इथं मराठीत घालून देईल, आपल्या सगळ्या पातेल्यांवर मराठीतच तर नावं आहेत. मी म्हणालो, "तू काय पातेलं आहेस?" तू हसलीस. मीही हसलो. भांडण टळलं असं मला वाटलं.

पण तू विषय सोडला नाहीस. गळ्यात मंगळसूत्राखाली साखळीत ती पट्टी घालायला लागलीस, एक दिवस चुकवली नाहीस, आणि मधूनमधून आठवण करायचीस की मागची बाजू राहिली आहे. मी म्हणायचो, जाऊ एकदा. पुढच्या रविवारी. दिवाळीची भांडी घ्यायला जाऊ तेव्हा. दिवाळीची भांडी घेतली, त्यांच्यावर नावं घातली, आणि पट्टी तुझ्या गळ्यातच राहिली, कारण दुकानात मी म्हणालो, आज फार गर्दी आहे.

दुकानात गर्दी होती. पण गर्दी हे कारण नव्हतं, आणि मला वाटतं हे तुला तेव्हाही कळलं होतं. इंग्रजी होतं म्हणून कुणी सहजासहजी वाचत नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या बायका विचारायच्या, हे काय घातलंय, आणि मी तुझ्या आधी उत्तर द्यायचो, काही नाही, नाव आहे. तू शिकवायचीस त्या बालवाडीतल्या मुलांच्या आयांनी 'बेशुद्ध आढळल्यास' असं वाचावं, हळदीकुंकवाला बायकांनी ते वाचून एकमेकींकडे बघावं, हे मला नको होतं. लाज तुला नव्हती. ती मला होती. वाचली जावी म्हणून केलेली वस्तू मी कुणाला वाचता येऊ नये अशी केली होती. इतक्या स्वच्छ शब्दांत मी हे तेव्हा स्वतःशी म्हटलं नव्हतं. आता म्हणतोय.

एकदा ती पट्टी कामाला आली, हेही लिहायला हवं. दादरहून परत येताना बस पुलावर अडकली आणि तुला घाम फुटला. शेजारी कॉलेजातली मुलगी बसली होती. तिला संशय आला, तिनं पट्टी वाचली आणि बसमध्ये विचारून विचारून कुणाकडून तरी लिमलेटच्या गोळ्या मिळवून तुझ्या तोंडात घातल्या. घरी आल्यावर तू ते सांगितलंस आणि मी म्हणालो, बघ, आली की नाही इंग्रजी कामाला? तू म्हणालीस, "नशीब, कॉलेजातली होती." मी जिंकलो असं धरून चाललो. आपलं ते भांडण तिथंच थांबलं. संपलं नव्हतं.

आता त्या दिवसाचं. बालवाडीला सुट्टी लागली होती आणि तू कुसुमकडे पनवेलला निघाली होतीस. मी सकाळच्या पाळीला गेलो तेव्हा तू सिरिंज उकळत होतीस. आपलं बोलणं झालं ते एवढंच, की येताना तिथले पापड आण. तू इन्सुलिन घेतलंस, थोडंसं खाल्लंस, कारण कुसुम जेवायला थांबणार होती. बस आली नाही. तू उन्हात स्टॉपवर किती उभी होतीस कोण जाणे. मग बस आली आणि तू चढलीस. पुढचं मला दोन ठिकाणांहून तुकड्यातुकड्यांनी कळलं. कंडक्टर म्हणाला, बेलापूरच्या अलीकडे मिठागरांपाशी बस थांबली तेव्हा बाई उठून उतरल्या, मला वाटलं त्यांना इथंच उतरायचंय. पर्स सीटवर राहिली. ती त्यानं डेपोत जमा केली. खडीसाखर पर्समध्ये होती.

रस्त्याच्या कडेला मिठागरावर काम करणाऱ्या बायका माडाच्या झापांच्या आडोशाला बसल्या होत्या. तू मिठाच्या बांधावरून चालत होतीस आणि तोल जात होता. त्यातली एक उठून धावली आणि तिनं तुला हाताला धरून सावलीत आणलं. तिचं नाव यमुनाबाई. आपल्याच वयाची असेल, थोडी मोठी. त्या बायकांनी तुझ्यासाठी जे जे सुचलं ते सगळं केलं. ऊन लागलंय असं त्यांना वाटलं, म्हणून ओलं फडकं डोक्यावर ठेवलं, कांदा फोडून नाकाशी धरला, पाणी पाजलं. मग तू आडवी झालीस. झोप लागली, झोपू द्या, म्हणाल्या. यमुनाबाई काम सोडून तुझ्याजवळ पदरानं वारा घालत बसून राहिली. उन्हं कलली तेव्हा तिनं तुला हलवलं आणि तू उठेनास. मग त्यांनी रस्त्यात आडवं उभं राहून बाजाराकडे निघालेला एक टेम्पो थांबवला आणि तुला दवाखान्यात पोचवलं.

तिथल्या डॉक्टरनं पट्टी वाचली आणि त्या क्षणी शिरेतून साखर दिली. पट्टीवरच्या नंबरावर फोन केला, आपल्या डॉक्टरांनी कारखान्यात कळवलं. मी पोचलो तेव्हा तुला मोठ्या हॉस्पिटलात हलवायची तयारी चालली होती. तो तरुण डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, या पट्टीमुळे आम्हाला एक मिनिटही शोधाशोध करावी लागली नाही, कुठं करून घेतलीत? मी म्हणालो, मीच केली. तो म्हणाला, छान कल्पना आहे, सगळ्या पेशंटना सांगायला हवी. माझं म्हणणं शब्दशः खरं ठरलं होतं, वेणू. डॉक्टरला वाचता आलं होतं.

तू आठवडाभर होतीस. डोळे उघडले नाहीस. डॉक्टर म्हणाले, मेंदूला फार वेळ साखर मिळाली नाही. मी कॉटशेजारी बसून तुझ्याशी बोलत होतो. कसल्याही गोष्टी, गॅसच्या सिलिंडरचा नंबर लागला, खालच्यांची मुलगी पास झाली. पट्टीचं बोललो नाही. तू ऐकत असशील तर, अशी भीती होती.

दिवसवार झाले आणि मी त्या बायकांचे आभार मानायला गेलो. साडी आणि नारळ घेऊन गेलो होतो. यमुनाबाईनं साडी हातात घेतली नाही, बाजूला ठेवायला सांगितली. तू गेल्याचं त्यांना माझ्याकडूनच कळलं. ती डोक्याला हात लावून खाली बसली. मग तिनं तो दिवस सगळा पहिल्यापासून सांगितला. तू कशी हसत होतीस, कुठं जायचंय विचारलं तर "मुलांनो, रांगेत या" म्हणत होतीस, तिचा हात कसा घट्ट धरून ठेवला होतास. मी ऐकत होतो. हे माझ्या वाट्याला आलं नव्हतं, तिच्या आलं होतं. तिचा मला हेवा वाटला.

मग ती म्हणाली, "आमी तवा चायच पीत व्हतो, भाऊ. तिला बी ईचारलं, घेतंस काय बाय. तिनं मान अशी हलवली. मना वाटलं, नको बोलते. उनाचा झटका हाय, त्यात गरम चाय कशाला, म्हनून मी जास्त आग्रव नाय केला."

तिथं चूल होती. चुलीवर काळं पडलेलं पातेलं होतं. कोऱ्या चहाला त्या बायका साखर जास्त घालतात.

ती म्हणाली, "ती गल्यातली पट्टी मी सगल्यांना दाकवली. टेम्पोवाल्याला दाकवली. तो बोलला, इंग्रजी हाय. काय लिवलेलं त्याच्यावर?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "डॉक्टरांचा फोन नंबर होता."

"तवडाच?"

"तेवढाच."

तिनं मोठा श्वास सोडला. "मग इथं फोन कुठला," ती म्हणाली आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. मी उठून आलो. साडी तिथंच राहिली.

बसमध्ये मी स्वतःला सांगत होतो की बरं केलं. ज्या बाईनं परक्या बाईसाठी दिवसाची मजुरी सोडून उन्हात वारा घातला, तिला कशाला सांगायचं की तिच्याच हातातल्या कपात तुझा जीव होता? तिनं ते जन्मभर वागवायचं? हे एक ओझं मी एकट्यानं उचललं, अशी भावना होती मला, जरा उदात्तच. मामांच्या घरी होकार कळवताना होती तशी. वाशी येईपर्यंत ती भावना उतरली. कारण मी तिला वाचवलं की स्वतःला, हे मला कळेना. पट्टीवर काय होतं हे सांगितलं असतं, तर तिचा पुढचा प्रश्न तुझाच असता. मराठीत का नाही?

कुसुमला सांगितलं. ती म्हणाली, भाऊजी, नाही सांगितलंत तेच बरं, आता सांगून ताई परत येणार आहे का? तिनं ते माझ्यासाठी म्हटलं, आणि मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच शरम वाटली. तुझी पट्टी हॉस्पिटलानं कागदाच्या पुडीत दिली होती, ती कपाटात आहे. ती मी पुन्हा बघितलेली नाही. घर शांत आहे. सकाळी उठून मी सवयीनं पातेलं गॅसवर ठेवतो आणि मग त्यात काय उकळायचं ते आठवत उभा राहतो. आणि एक गोष्ट तुला सांगतो, तू रागावू नकोस. मला झोप लागते. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा गाढ झोप लागते, कारण आता शेजारच्या श्वासाकडे कान लावायचा नाही. सकाळी हे लक्षात येतं तेव्हा उठवत नाही.

त्यातच एके दिवशी डोक्यात आलं की यमुनाबाई आता सगळीकडे सांगत असेल, एक बाई ऊन लागून गेली. उद्या त्या रस्त्याला आणखी कुणी अशी घामाघूम, हसत, तोल जात उतरली, तर ती धावत जाईल आणि पुन्हा कांदा फोडेल. तिच्यासारखी धावणारी बाई आणि तिला काय करायचं ते ठाऊक नाही, आणि ज्याला ठाऊक आहे तो वाशीला घरात बसून मोठेपणा करतोय. तू असतीस तर पहिल्या दिवशीच तिच्याशेजारी मांडी घालून बसली असतीस आणि घरच्या पाहुण्यांना इन्सुलिनचं समजावून सांगायचीस तसं सगळं सांगितलं असतंस. तिचा हात हातात घेऊन, पण सांगितलं असतंस.

म्हणून मी परत गेलो. हंगाम संपत आला होता, मिठाच्या राशी झापांनी झाकायचं काम चाललं होतं. यमुनाबाई मला बघून पुढे आली. तिनं ती साडी नेसली नव्हती, मला वाटतं अजून घडीच मोडली नसावी. आम्ही बांधावर बसलो. मी सांगितलं. आजार काय होता, घाम का येतो, माणूस भलतंच का बोलतं, अशा वेळी काय द्यायचं, शुद्ध गेली असेल तर तोंडात काही न घालता तडक दवाखान्यात कसं न्यायचं. आणि पट्टीवर हेच लिहिलं होतं, फोन नंबरच्या वर.

ती कितीतरी वेळ हाताची माती खरवडत राहिली. मग म्हणाली, "मंजे त्या चायमदीच व्हतं तिचं औषद."

मी म्हणालो, "तुम्हाला ते कळायला काही मार्ग नव्हता. तुमच्याकडून काही चुकलं नाही. ते इंग्रजीत मी लिहिलं. ती मराठीत लिहा म्हणत होती. मी नाही लिहिलं."

"का?"

मी खरं कारण सांगितलं. लाज वाटत होती, लोकांनी वाचू नये असं वाटत होतं. हे मी माणसासमोर पहिल्यांदा बोललो. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, हे तिनं मग सांगितलं. पण टेम्पोवाल्याला मराठी येत होतं, म्हणाली, आणि मुकादमाला येत होतं, तोही तेव्हा तिथंच उभा होता. म्हणजे तीही मनात तेच मोजत होती जे मी मोजत होतो.

"आनि पयल्यांदा आले तवा का नाय बोलले?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट वाटलं," ती म्हणाली. "आता तुमी खोटं बोलले त्याचं बी वाटलं."

मी माफी मागितली. तिनं ती दिली नाही, नाकारलीही नाही. दुसऱ्या बायका काम थांबवून आमच्याकडे बघत होत्या. तिनं त्यांना हाक मारून जवळ बोलावलं आणि मी जे सांगितलं होतं ते तिच्या बोलीत सगळं त्यांना सांगितलं. घामाचं, हसण्याचं, साखरेचं. मध्ये एकदा थांबून मला विचारलं, गूळ चालेल का. मी म्हणालो, चालेल. माझ्या लाजेचं तिनं त्यांना काही सांगितलं नाही. तेवढं तिनं स्वतःपाशी ठेवलं, आणि त्यासाठी मी तिचा ऋणी आहे.

बायका कामाला परतल्या. मीही उठलो. निघताना ती म्हणाली, "तिचं नाव काय व्हतं?"

तिला तुझं नाव माहीत नव्हतं. माझ्या दोन्ही खेपांत मी 'माझी बायको' म्हणालो होतो, 'ती' म्हणालो होतो. पट्टीवर सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत तुझं नाव होतं, आणि तेही इंग्रजीत.

ती म्हणाली, "मी तिला नुसती बाय, बाय करून हाक मारत व्हते, उठवताना बी. नावानं हाक मारली असती तं कदाचित उठली असती."

मी म्हणालो, "वेणू."

तू गेल्यापासून तुझं नाव मी तोंडानं घेतलं नव्हतं. कागदांवर लिहिलं होतं, सह्या केल्या होत्या. उच्चारलं नव्हतं.

"वेनू," ती म्हणाली.

मग तिनं माझ्याकडे पाठ केली. त्या आडोशाकडे, जिथं तू आडवी झाली होतीस तिकडे बघत, आवाज जरा उंच करून तिनं तुला पुन्हा हाक मारली. दोनदा. झोपलेल्या माणसाला, दचकू नये अशा बेतानं उठवतात, तशी.